बू जुमाची रवळी

आठवीपर्यंत अजराचा आवाज शेजारच्या बाकापर्यंतसुद्धा पोचत नसे. हजेरी घेताना बाई तिचं नाव दोनदा घ्यायच्या आणि उत्तर ऐकू न आल्यामुळे तिला गैरहजर मांडायच्या. मग नववीत शाळेच्या कार्यक्रमात ऐनवेळी एका मुलीचा घसा बसला, बाईंनी जी हाताशी सापडली तिला पुढे ढकललं, ती अजरा निघाली. आणि पोरगी अशी खणखणीत बोलली की दारातला शिपाईसुद्धा बिडी विझवून ऐकत राहिला. तेव्हापासून जो बांध फुटला तो फुटलाच. दुबईच्या बर दुबई भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांत अम्मी डोक्याला हात लावून म्हणायची, "पूर्वी हिला बोल म्हणून सांगावं लागायचं. आता श्वास घे म्हणून सांगावं लागतं."

हे एकोणीसशे पासष्ट साल. डिसेंबरात सुट्टी लागली आणि अब्बांनी तिला अजमानला मामूंकडे पाठवून दिलं. अब्बा, म्हणजे खैरुद्दीन, खाडीकाठच्या एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात क्लार्क होते. दिवसभर हमाल, कप्तान आणि टाइपरायटर यांचा गलका ऐकून आलेल्या माणसाला घरी जरा शांतता हवी होती, असं अजराचं स्वतःचं मत होतं. बरोबर मामूंची लेक शहनाझ होती. अकरा वर्षांची ही मुलगी शाळेसाठी अजराच्याच घरी राहायची, आणि नवीनच शिकलेल्या इंग्रजीचा तिला एवढा सोस होता की आईबापांनाही ती इंग्रजीतच उत्तरं द्यायची.

अजराच्या पिशवीत कपड्यांखाली एक ठेवा होता. तंगसाचं रीळ. तंगूस म्हणजे मासे धरायचा नायलॉनचा दोरा. हे रीळ अब्बांना एका बोटीवरच्या खलाशानं दिलं होतं, आणि त्यातला तंगूस केसाहून जरासाच जाड होता. पाण्यात सोडला की आपल्याला दिसत नाही, माशालाही दिसत नाही. अब्बांना मासे फक्त ताटात आवडत, म्हणून रीळ अजराकडे आलं.

मामू, म्हणजे मुश्ताक, मूळचे रत्नागिरीच्या राजिवड्याचे. होड्या बांधणारं घराणं. अजमानच्या वाळूत लाकडी होड्या उपड्या घालून ते त्यांच्या फटी भरायचे, फळ्या बदलायचे. त्यांनी दुरुस्त केलेल्या होडीच्या तळात साखर पसरली तरी ती ओली होणार नाही, असं मामी मरियमबी कुणी आलंगेलं की सांगायची. मामू मान हलवून म्हणायचे, "पसरून बघितल्येय."

मामूंच्या झापांच्या घरापासून दोन घरं सोडून बू जुमा राहायचा. अजराच्या आजोबांच्या वयाचा, सुकवलेल्या बोंबलासारखा अंगानं. तरुणपणी गलबतावरून मुंबईला जाऊन आलेला, त्यामुळे हिंदी मोडकीतोडकी पण बेधडक. त्याच्याकडे एक शाशा होती. शाशा म्हणजे खजुरीच्या झावळ्यांची होडी. झावळ्यांचे नुसते कणे एकमेकांना दोरीनं बांधायचे, दोन्ही टोकं वर वळवायची, आत पोटात झावळीचे जाड बुंधे ठासायचे, झाली होडी. खिळा नाही, फळी नाही. दोन माणसं कशीबशी बसतील. किनाऱ्यावर मामूंच्या कामाच्या जागेशेजारीच ती पडलेली असे आणि मामू तिच्याकडे बघून रोज एकदा तरी म्हणत, "ही होडी की रवळी?"

रवळी म्हणजे कोकणात तांदूळ धुवायची बांबूची टोपली. सगळीकडून भोकं. मामूंच्या तोंडून यापेक्षा मोठी शिवी अजरानं ऐकली नव्हती.

अजरा पोचली त्याच्या आदल्याच दिवशी शमालचा वारा पडला होता. हा वायव्येचा वारा दोन-तीन दिवस धिंगाणा घालून पडला, की पाणी निवळतं आणि बारक्या मासळीच्या मागे खब्बात किनाऱ्याला लागतात. खब्बात म्हणजे आपल्या सुरमईची धाकटी बहीण, हातभर लांब, अंगावर ठिपके, तोंडात कातरी. येतात ते थव्यानं, आणि राहतात ते आठ-दहा दिवस. तेवढ्यात जेवढे मिळतील तेवढे बू जुमा आणि त्याची म्हातारी खारवून ठेवायची. मग वर्षभराचा तांदूळ, खजूर, कापड, सगळं त्या खारवलेल्या माशांच्या बदल्यात यायचं.

आणि यंदा बू जुमा दोन दिवस रिकाम्या हातानं परत आला होता. पाण्यात मासे उड्या मारताना किनाऱ्यावरून दिसत होते, पण एकही गळाला लागत नव्हता.

अजरा त्याच्या सुती दोराकडे बघत उभी राहिली. करंगळीएवढा जाड. गेल्या वर्षीची अजरा असती तर मान खाली घालून निघून गेली असती. यंदाची अजरा पुढे झाली.

"चाचा, आपका दोर बहुत मोटा है. पानी साफ है. मछली अंधी नहीं."

बू जुमानं वर बघितलं. "तू कौन?"

"मुश्ताक मिस्त्री की भांजी."

"मिस्त्री तो बात नहीं करता."

"मैं उनके हिस्से की भी करती हूँ," अजरा म्हणाली आणि तिनं रीळ काढून दाखवलं.

म्हाताऱ्यानं तंगूस बोटांत धरला, उन्हात धरला, दातात धरून ओढला. मग हसला. "ये तो औरत का बाल है. खब्बात काटेगा, खलास."

याचा विचार अजरानं करून ठेवला होता. घरी पडलेल्या मोडक्या रेडिओतली बारीक तार तिनं वीतभर काढली, ती तंगसाच्या टोकाला जोडली आणि तारेला छोटा गळ. आमिष म्हणून चहाच्या खोक्यातली चंदेरी पत्री माशाच्या आकारात कापून गळावर गुंडाळली. बू जुमानं ते सगळं उलटसुलट करून पाहिलं, आपल्या म्हातारीला हाक मारून दाखवलं, दोघं अरबीत काहीतरी बोलून खूप हसली. मग तो म्हणाला, "बुकरा. कल सुबह. यल्ला."

दुसऱ्या दिवशी अजरा निघाली तेव्हा मरियमबी चुलीपुढून म्हणाली, "काय गो, एवढ्या सकाळी कुठे—"

"मरियम," मामू घाईनं म्हणाले. "दर्यावर जाणाऱ्याला कुठे म्हणून विचारू नये. कितीदा सांगायचं?"

राजिवड्यात हा नियमच होता. विचारलं की मासा पळतो. मामू तर इतके पक्के की जाणाऱ्याला कुठे, कशातनं, केव्हा येणार, यातलं काहीच विचारत नसत, आणि आल्यावरही पहिला मासा मोजेपर्यंत गप्प. बू जुमाच्या शेजारी सहा वर्षं काम करूनही त्यांनी त्याला त्याच्या होडीबद्दल एक शब्द विचारला नव्हता तो यामुळेच. ही गोष्ट लक्षात ठेवा.

शाशा पाण्यात गेली आणि अजराचे पाय ओले झाले. तळातून, बाजूंतून, झावळ्यांच्या प्रत्येक फटीतून पाणी आत आलं आणि घोट्यापर्यंत येऊन थांबलं. बू जुमा निवांत वल्हवत होता. अजरानं विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात तंगसाला असा झटका बसला की विचारायचं राहूनच गेलं. दोन तासांत पाच खब्बात. पाचवा आत आला तेव्हा बू जुमानं वल्ही मांडीवर ठेवली आणि आपल्या मुंडाशाचं टोक फाडून तिच्या तंगसानं कापलेल्या बोटाला बांधलं. "औरत का बाल," तो म्हणाला. "माशाल्ला."

घरी आली तेव्हा अजराचे पाय जमिनीवर नव्हते. मामूंनी मासे मोजले. बू जुमानं तिच्या वाट्याचे दोन दिले होते. मग नियमाप्रमाणे मामूंना बोलायला मोकळीक झाली.

"होडी कशी होती?"

आता तुम्हीच सांगा, एका सकाळीत पाच खब्बात काढलेल्या मुलीला जगातलं काय ठाऊक नसतं? "होडी गळते, मामू," अजरा ठासून म्हणाली. "घोट्यापर्यंत पाणी. फटीच फटी. कुणी लक्षच दिलेलं नाही तिच्याकडे."

मामूंचा घास ताटावरच थांबला. "माझी भाची गळक्या होडीत बसली?"

"म्हाताऱ्याला कोण करून देणार?" अजरा म्हणाली. "तुम्ही शेजारी असून."

हे शेवटचं वाक्य नको होतं. ते मामूंच्या थेट वर्मी लागलं. योग असा की दुसऱ्याच दिवशी बू जुमा आणि म्हातारी शारजाला लेकीकडे गेली. लेकीला मुलगा झाला होता. दोघं दुपारनंतर परत येणार होती. मामू म्हणाले, "उपकार सांगून करू नये. तो यायच्या आत उरकू."

आणि उरकलं. मामूंनी राळ आणि माशाचं तेल उकळायला ठेवलं, अजरानं ढवळलं. मामूंनी कापसाच्या वाती वळल्या, अजरानं लाकडी पट्टीनं फटींत ठासल्या. वरून गरम राळेचा हात. तोंडानं अजराची टकळी चालूच होती, इथे राहिलं मामू, तिथे राहिलं मामू. शहनाझ वाळूत बसून खजूर खात बघत होती.

"इट इज अ बास्केट, बाबा," ती म्हणाली.

"होती," मामू म्हणाले. "आता होडी होईल."

"इट वॉन्ट लाइक इट."

"हिला शाळेत घातली ती आपल्याला शिकवायला," मामू अजराला म्हणाले आणि दोघं हसली.

दुपारी शाशा काळी कुळकुळीत, चकाकणारी झाली. मामूंनी ती पाण्यात ढकलली आणि आत बसले. तळ कोरडा ठणठणीत. पहिली दहा मिनिटं ती होडी अशी ऐटीत तरंगली की किनाऱ्यावरच्या माणसांनी काम सोडून बघितलं. मामूंनी दोन्ही हात वर करून तळवे दाखवले, कोरडे.

मग एक लाट आली. मोठी नव्हती, लाटेची पोरच म्हणा. शाशाचा काठ वीतभरच उंच, त्यावरून ती आत उतरली. आणि आत उतरलेलं पाणी आतच राहिलं. मामूंनी ओंजळीनं उपसायला सुरुवात केली. दुसरी लाट आली, तिनं काठ अजून खाली दाबला. पोटातल्या बुंध्यांनी पाणी पिऊन घेतलं. तिसरी लाट आली तेव्हा मामू छातीपर्यंत पाण्यात बसलेले होते आणि होडी त्यांच्याखाली कुठेतरी होती.

एरवी बू जुमा आणि त्याची म्हातारी ती शाशा दोघं मिळून वाळूवर ओढायची. आज आठ माणसं लागली. त्यातला आठवा स्वतः बू जुमा होता. हातात शारजाहून आणलेली हलव्याची पुडी घेऊन तो किनाऱ्यावर पोचला, बघितलं, पुडी वाळूत ठेवली आणि दोराला लागला. ओढता ओढता त्याचा खांदा लचकला. दुसऱ्या हातानं खांदा धरून तो शाशाजवळ उकिडवा बसला. नखानं राळ खरवडली. हुंगली.

"किसने किया?"

मामूंनी तोंड उघडलं. त्यांच्याआधी अजरा बोलली. आवाज पुन्हा आठवीतला झाला होता. "मैंने बोला था. पानी आता था."

"पानी आता है," बू जुमा म्हणाला. "पानी जाता है. तुम लोग ने जाने का रास्ता बंद किया."

मामूंनी भिजलेली दाढी पुसली. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बू जुमाला होडीबद्दल प्रश्न विचारला. "फिर तैरता कैसे है?"

बू जुमानं झावळीचा एक जाड बुंधा उचलून त्यांच्या हातात दिला. सुका, हलका, आत नुसती हवा. अशा शेदीडशे बुंध्यांवर शाशा तरंगते. पाणी हवं तेवढं यावं आणि हवं तेवढं जावं, तिला फरक पडत नाही. पडतो तो बुंधे भिजून राहिले तर. म्हणून रोज पाण्यातून काढली की ती उन्हात वाळवायची, फटींतून वारा खेळू द्यायचा. राळेनं आता वाराही बंद केला होता.

"कब ठीक होगा?" अजरानं विचारलं.

"वो धूप जाने."

"और मछली? रुकेगी ना?"

"मछली क्या मेरी नौकर है?" बू जुमा म्हणाला. मग उठला, हलव्याची पुडी उचलली आणि तिच्या हातात दिली. नातवाच्या नावाची होती, ती द्यायलाच हवी होती.

तो सोमवार होता. शुक्रवारी दुपारनंतरच्या लँडरोव्हरनं अजरा आणि शहनाझ परत दुबईला जाणार होत्या, शनिवारी शाळा. खब्बात येऊन पाच दिवस झाले होते. बू जुमाच्या घरात मिठाची पोती भरलेली आणि माशांचे रांजण जवळजवळ रिकामे. अजराला हिशेब करायला पाटी लागली नाही.

मंगळवारी उजाडल्याबरोबर ती शाशापाशी बसली आणि उकरायला लागली. घातलेला कापूस राळेसकट काढायचा, तोही झावळीचा कणा न मोडता. चाकूनं झावळी चिरायची. खिळ्यानं भोक पडायचं. शेवटी मरियमबीनं आपले केसांचे आकडे काढून दिले, ते बरोबर फटीत जात. मामू एका बाजूनं, अजरा दुसऱ्या बाजूनं, मधे शहनाझ. मरियमबी स्वतः उलथणं घेऊन तळाची राळ खरवडायला बसली आणि तिची जीभ उलथण्यापेक्षा जोरात चालली.

"राजिवड्याचे मिस्त्री. घालायला अर्धा दिवस, काढायला तीन."

"काम पक्कं आहे माझं," मामू पुटपुटले. "निघतच नाही."

"साखर आणू का पसरायला?"

मामूंनी मान आणखी खाली घातली. अजरा हसली नाही. दुपारी जेवायला उठली नाही. "ही गप्प का?" मरियमबीनं शहनाझला विचारलं. "ताप आलाय का बघ."

"शी इज थिंकिंग," शहनाझ म्हणाली.

बू जुमा लचकलेला खांदा कापडानं बांधून येऊन बसायचा. पहिल्या दिवशी नुसता बघत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं अजराच्या हातातला आकडा घेतला आणि तो कसा तिरका घालायचा ते दाखवलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा कापूस निघाला. चौघांची नखं काळी झाली होती. पोटातले बुंधे मामूंनी मंगळवारीच बाहेर काढून वाळूवर पसरले होते, आणि ते रोज चारदा उलटवले जात. समुद्राकडे बघायचं अजरानं टाळलं होतं. पण आवाज येत होता. मासे अजून उड्या मारत होते. आज मात्र कालच्यापेक्षा जरा लांब.

शुक्रवारी सकाळी सगळे वाळूवर जमले. बू जुमानं एक बुंधा उचलला आणि त्याचं निमुळतं टोक दोन्ही हातांनी वाकवलं. ओला असेल तर नुसता वाकेल. सुका असेल तर टोकाचा तुकडा मोडेल. अजरानं श्वास धरला.

कट.

दुसरा उचलला. कट. तिसरा वाकला. तो त्यानं बाजूला फेकला. काही बाजूला गेले, पण ढिगातले बरेच राहिले. त्यांनी ते पोटात भरले, दोरीनं आवळले. शाशा आता चारजणांनी उचलली. एरवीपेक्षा जड, पण होडी म्हणण्यासारखी.

प्रश्न वल्हवायचा होता. बू जुमाचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. त्यानं मामूंकडे बोट केलं. "तू बैठ."

"मी? ह्यात?" मामू मराठीत म्हणाले.

"तू बैठ. पैर गीला होने दे."

मामूंनी लुंगी खोचली आणि बसले. निघताना मरियमबीनं तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. कुठे चाललात, हे तिनं विचारलं नाही. फक्त लुंगीच्या खोचणीतून डोकावणाऱ्या दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्याकडे बघून भुवया उंचावल्या.

पाणी फटींतून आत आलं. घोट्यापर्यंत. मामूंचा चेहरा बघवत नव्हता. दहा वल्ही मारली आणि राहवलं नाही, डबा निघाला. ते उपसायला लागले. एक डबा, दोन डबे, वीस डबे. किनाऱ्यावरून बू जुमा ओरडला, "मिस्त्री, डिब्बा फेंक."

"मामू," अजरा म्हणाली, "तुम्ही होडी उपसत नाही आहात. समुद्र उपसताय."

मामू थांबले. घोट्याकडे बघितलं. पाणी होतं तिथेच होतं, ना वर ना खाली. त्यांनी बोटानं घोट्यावर खूण केली, आणखी पाच डबे उपसले, पुन्हा खूण बघितली. मग हळूच म्हणाले, "आयला." मामू आयुष्यात शिव्या देत नसत, त्यामुळे अजरानं ऐकलं नाही असं दाखवलं.

थवा लांब सरकला होता, पण मिळाला. पत्री पाण्यात चमकली आणि पहिला खब्बात लागला. मग दुसरा. मामू वल्हवत, अजरा काढत. तंगूस बोटांवरून सरकताना कापू नये म्हणून तिनं बू जुमाच्याच मुंडाशाची चिंधी गुंडाळली होती. सात झाले. नऊ झाले. अकराव्याला मामूंनी चक्क शीळ घातली.

बारावा वेगळा होता. झटका नाहीच बसला. तंगूस नुसता जायला लागला, सरळ, न थांबता, रीळ तिच्या पायाशी फिरत राहिलं. मग लांबवर पाण्यातून तो उडाला. खब्बात नव्हे, त्याची मोठी बहीण. कनाद. आपली खरी सुरमई, शहनाझच्या कमरेपर्यंत येईल एवढी.

"तुटणार," मामू म्हणाले, आणि होडी धरून ठेवायला दोन्ही वल्ही पाण्यात रोवली. होड्यांच्या माणसाचा हात तो, आपोआपच गेला. ताणलेला तंगूस तारेसारखा गायला लागला.

"वल्ही उचला, मामू."

"अगो, ओढून नेईल तो आपल्याला."

"नेऊ दे. उचला म्हणते ना."

असं त्यांना राजिवड्यात कुणी बोललं नव्हतं. मामूंनी वल्ही उचलली. शाशाचं टोक अलगद माशाच्या दिशेला वळलं आणि ती निघाली. लाकडाची जड होडी असती तर केसाएवढा तंगूस पहिल्याच ओढीला तुटला असता. ही झावळ्यांची टोपली माशामागून पोरासारखी चालली. तो डावीकडे, ती डावीकडे. तो उजवीकडे, ती उजवीकडे. किनारा लहान झाला. लहान झालेल्या किनाऱ्यावर दोन ठिपके नाचत होते, त्यातला उंच ठिपका मरियमबी होती आणि ती नक्की काय ओरडत होती हे न ऐकू आलं तेच बरं.

अजरानं घाई केली नाही. तो ओढेल तेव्हा द्यायचा, दमेल तेव्हा हातभर घ्यायचा. ती एक शब्द बोलली नाही. जवळजवळ अर्धा तास. मामूंनी नंतर सगळ्यांना सांगितलं ते कनादबद्दल कमी आणि त्या अर्ध्या तासाबद्दल जास्त.

शेवटी तो बाजूला आला, आडवा, चंदेरी, दमलेला. आता आत घ्यायचा कसा? उचलायला गेलं तर तंगूस तुटणार. मामू त्याच्या शेपटीला हात घालायला वाकले, आणि त्यांच्या वजनानं शाशाचा तो काठ पाण्याखाली गेला. एक लाट आत आली आणि लाटेबरोबर कनाद आत सरकला. मामू झटकन मागे झाले, काठ वर आला. पाणी फटींतून सळसळत निघून गेलं, घोट्यापर्यंत येऊन थांबलं. मासा मामूंच्या मांडीवर राहिला.

मामू माशाकडे बघत राहिले, मग तळाकडे. "पाणी गेलं," ते म्हणाले. "तांदूळ राहिले."

"काय?"

"रवळी गो. रवळी ह्यासाठीच असते." आणि ते हसायला लागले ते किनारा येईपर्यंत थांबले नाहीत.

शुक्रवारच्या नमाजाआधी ते पोचले. बू जुमानं पाण्यात येऊन दोर धरला, मासे मोजले, कनादवर तळवा ठेवला. त्याच्या म्हातारीनं तिथेच सुरी चालवली. कनादचे तुकडे झाले, एक मरियमबीला, एक शाशा उचलायला आलेल्या प्रत्येकाला. आपल्याकडे ह्याला वानवळा म्हणतात, हे मरियमबीनं म्हातारीला समजावून सांगितलं, आणि म्हातारीनं तिच्या भाषेत त्याला काय म्हणतात ते सांगितलं, आणि दोघींना एकमेकींचं अगदी कळलं. खब्बात मात्र सगळे रांजणाकडे गेले.

"और दो-तीन दिन है मछली," बू जुमा म्हणाला. "इन्शाल्ला."

अजरानं रीळ त्याच्या हातात ठेवलं. वर रेडिओची उरलेली तार आणि पत्रीची घडी.

त्यानं रीळ घेतलं, मग मामूंकडे बघितलं. "तू बैठेगा?"

"बैठूंगा," मामू म्हणाले. "डिब्बे के बिना."

बू जुमा अजराकडे वळला. तो काही बोलेल म्हणून ती उभी राहिली. त्यानं शाशा उपडी करायला एक टोक धरलं आणि दुसऱ्या टोकाकडे मान केली. तिनं ते टोक धरलं. दोघांनी मिळून शाशा उन्हाकडे तोंड करून वाळत घातली. मग तो म्हणाला, "अगले साल शमाल गिरे, तो आना. देर मत करना."

दुपारनंतर लँडरोव्हर ओल्या वाळूवरून दुबईकडे निघाली. अजरा मागे तोंड करून बसली होती. लांबवर शाशाजवळ मामू उकिडवे बसलेले दिसत होते, आणि बू जुमा त्यांना झावळीचा कणा हातात धरून काहीतरी दाखवत होता. मामू प्रश्नावर प्रश्न विचारत असावेत. सहा वर्षांचे साठले होते.

बरीच वाट गेली. शहनाझनं तीनदा तिच्याकडे बघितलं.

"आर यू सिक?"

"नाही गो," अजरा म्हणाली. "श्वास घेत्येय. घरी पोचले की सगळं अम्मीला सांगायचं आहे."